वाकडं दार: कळंबा ते जयसिंगपूर

दादा गेल्यावर कोल्हापूरला जायचं काही कारण उरलं नाही, असं मला वाटलं होतं. तेरावा उरकून मी एसटीने पुण्याला परतले आणि त्याच्या कळंब्याच्या घराची किल्ली कपाटात ठेवून दिली. आठवडाभराने, एका सोमवारी दुपारी, विमा कंपनीचं पत्र मोबाइलवर आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा कोल्हापूरच्या एसटीत होते.

मागचं थोडं सांगायला हवं. दादा गेल्याचा फोन आला तेव्हा गाड्यांना गर्दी होती, म्हणून मी एका ओळखीच्या माणसाकडून स्वतः चालवायची भाड्याची गाडी घेतली. काळ्या पाटीवर पिवळा नंबर असलेली. तिसऱ्या दिवशी अस्थी घेऊन परतताना कळंब्याच्या वळणावर समोरून उसाचा ट्रॅक्टर आला. मी गाडी कडेला घेऊन त्याला वाट दिली. पण ट्रॅक्टरला मागे दोन ट्रॉल्या होत्या. पहिली नीट गेली. दुसरी वळताना आत कापत आली आणि माझ्या गाडीचं मागचं दार चेपून गेली. इथली माणसं त्या दुसऱ्या ट्रॉलीसाठी हातभर जागा जास्त सोडतात, हे मला नंतर कळलं.

गाडी बाबालाल मिस्त्रींच्या गॅरेजात ठेवली. पत्र्याचं आणि रंगाचं काम करणारे हे मिस्त्री दादाचे जुने स्नेही. दादा शाळेतून निवृत्त झाल्यावर रोज संध्याकाळी त्यांच्याकडे बसायचा, ते हातोडा मारत असताना त्यांना पेपर वाचून दाखवायचा. मी फोटो काढून विमा कंपनीला कळवलं. उत्तर आलं की दोन दिवसांत सर्व्हेअर येईल, तोपर्यंत गाडीला हात लावू नये. मग दर तीन दिवसांनी एकच निरोप येत राहिला: आपला दावा प्रक्रियेत आहे, आपल्या संयमाबद्दल आभार. सतरा दिवस असे गेले.

सोमवारच्या पत्रात होतं, गुरुवारी अकरा वाजता सर्व्हेअर येतील, गाडी आणि नुकसान झालेले भाग आहे त्या स्थितीत दाखवावेत. मी लगेच बाबालालना फोन लावला.

"गाडी ना ताई? कवाच तयार हाय की," ते आनंदाने म्हणाले. "नव्यागत केलीया. या आन घिऊन जावा."

मंगळवार, कळंबा

गॅरेजात पोचले तेव्हा ऊन कलत होतं. गाडी पुसून उभी होती. मी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि खरं सांगायचं तर चेपलेलं दार कुठलं होतं, ते मला ओळखता आलं नाही.

"वळखा बगू," बाबालाल हात पुसत म्हणाले. साठीचे, बारीक अंगाचे, कानाच्या पाळीला कायम रंगाचा एखादा ठिपका असलेले गृहस्थ. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मी गाडीभोवती आणखी एक फेरी मारली.

"बाबालाल, जुनं दार कुठंय?"

"जुनं? दिलं की भंगारात. पार वाकडं झाल्तं. तसल्याच एका गाडीचं दुसरं मिळालं, रंग जुळवून बशिवलं. कशाला पायजे जुनं?"

मी त्यांना पत्र वाचून दाखवलं. दादा पेपर वाचायचा तसंच ते ऐकत राहिले, मान थोडी तिरकी करून.

"म्हंजे मी दुरुस्त केलं, ही चूक?"

"हो."

"मोडकंच ठिवायचं व्हतं?"

"हो. त्यांना ते बघायचं होतं."

"सतरा दीस झोपलं व्हतं, आन आता अकरा वाजता येनार म्हंत्यात." ते पाटावर बसले. मग हळूच म्हणाले, "पन ताई, तुमीच म्हनलासा न्हवं का? दहाव्याला फोन केल्ता मी. कंपनीचा मानूस आला न्हाय, काय करू म्हनलं. तर तुमी म्हनलासा, तुमाला बरं वाटंल तसं करा."

मी म्हटलं होतं. पंचगंगेच्या घाटावर उभी असताना फोन आला, काही सुचत नव्हतं, आणि तो लवकर संपावा एवढंच वाटत होतं. आमच्याकडे पुण्यात 'तुम्हाला बरं वाटेल तसं करा' म्हणजे विषय तूर्त बाजूला ठेवा. समोरच्याने मग काहीच करायचं नसतं. बाबालालना ते सरांच्या बहिणीने टाकलेलं काम वाटलं. सरांसाठी आता आणखी काही करता येण्यासारखं उरलंही नव्हतं. दोन रात्री जागून त्यांनी रंगाची छटा जुळवली होती.

गाडीच्या मालकांना कळवणं भाग होतं. मी रस्त्यापलीकडे जाऊन फोन केला. ते फार शांतपणे बोलले. "मूळ दार विकलं आणि भंगारातलं बसवलं, याला चोरी म्हणतात. गुरुवारी सर्व्हेअरपुढे मूळ दार आलं नाही, तर मी मिस्त्रीवर पोलीस तक्रार करणार. तुमचा यात दोष नाही. तुम्ही एवढंच लिहून द्या की त्याने तुम्हाला न विचारता केलं. मग तुमचाही क्लेम अडणार नाही."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

परत आले तर बाबालाल दारातच उभे होते. पलीकडून सगळं ऐकू गेलं नसणार, पण माझं तोंड दिसत होतं.

"चोरी म्हनला का त्यो?"

मी मान हलवली.

"अब्बांच्या वक्तापास्नं गॅरेज हाय. कुनाचा नट बी इकडचा तिकडं झाला न्हाय." त्यांनी एकदा कळंबा जेलच्या बाजूला बघितलं. "जवळच हाय म्हना. घरनं डबा पोचंल गरम."

कुणी हसलं नाही. त्यांच्या बायकोने, हमीदाभाभींनी, आणलेला चहा तसाच गार झाला. ठरलं ते एवढंच: दार शोधायचं, आणि हातात एक दिवस आहे.

बुधवार, बावड्याहून पुढे

सकाळी आठला बाबालालच्या छोट्या टेम्पोतून निघालो. मागे त्यांची हत्यारांची पेटी होती. ती कशाला, असं मी विचारलं.

"पेटी घरी ठिवून मी मय्यतीला बी जात न्हाय," ते म्हणाले, आणि मग एकदम ओशाळले.

ज्या हातगाडीवाल्याने दार नेलं, तो माल कसबा बावड्याच्या एका वखारीत टाकायचा. कारखान्याचा हंगाम चालू होता. हवेत मळीचा आंबूस-गोड वास इतका दाट होता की नाकाला चिकटल्यासारखा वाटावा. वखारवाला गाडीच्या टायरांच्या ढिगाऱ्यावर बसून दात घासत होता. चूळ भरून होईपर्यंत त्याने आमच्याकडे पाहिलंही नाही.

"दार? शनवारी सगळा माल गेला जयसिंगपूरला, अण्णाकडं. आतापातूर वितळून सळई बी झाली आसंल त्याची."

"सळई झाली तर तुझ्या घरावर टाकतो," बाबालाल म्हणाले. "अण्णाचा पत्ता दे."

जयसिंगपूरच्या वाटेवर पुढे सतत उसाच्या ट्रॉल्या. एकीला ओलांडलं की दुसरी. बाबालाल एरवी बोलके, पण त्या तासाभरात एकच वाक्य बोलले: "सर असतं तर म्हनलं असतं, बाबालाल, घाई हा तुझा एकच अवगुन." मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. मालकांनी सुचवलेली ओळ माझ्या डोक्यात तयार होती. लहान होती, आणि व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष.

जयसिंगपूर पाहून मला नेहमी आखीव वहीची आठवण होते. रस्ते सरळ, चौक काटकोनात. अण्णांचं भंगाराचं दुकानही तसंच निघालं: पत्रा एकीकडे, पितळ एकीकडे, दारं भिंतीला टेकवून ओळीने. आमचं त्यात नव्हतं. कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेले अण्णा हिशेबनीसाशी कानडीत बोलत होते. आमच्याकडे वळून त्यांनी मराठीत पहिला प्रश्न विचारला, "जेवलासा?"

साडेअकरा वाजले होते. मी म्हटलं, "आम्हाला घाई आहे. फक्त एक दार..."

"दार कुठं जात न्हाय. आधी जेवा."

पुण्यात दुकानदार आधी काय हवं ते विचारतो, आणि तेही लवकर सांगावं अशी त्याची अपेक्षा असते. इथे मागच्या खोलीत ताटं मांडली गेली. कडक पातळ भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मसाला भरलेली वांगी, वर तेलाची धार. दादा गेल्यापासून मला चवीचं काही कळत नव्हतं. त्या वांग्याचा तिखटपणा मात्र कळला. बाबालाल मान खाली घालून भरभर जेवत होते. अण्णांनी शेवटचा घास गिळेपर्यंत दाराचं नाव काढू दिलं नाही.

"उपाशी मानसाशी मी येव्हार करत न्हाय," ते म्हणाले. "पोट रिकामं आसलं की मानूस नगं त्याला बी हो म्हंतो. हां, आता सांगा."

बाबालालनी सांगितलं. अण्णांना दार लगेच आठवलं, कारण तसलं वाकडं दार कुणी वापरायला म्हणून विकत नेलं, हे त्यांना नवल वाटलं होतं. "शेवंताक्का घिऊन गेली. नदीकडं मळा हाय तिचा. मोटारीच्या खोपटाला लावनार म्हनली." त्यांनी वाट सांगितली आणि वर म्हणाले, "देनार न्हाय ती. पन जावा."

शेताच्या बांधावरून टेम्पो जाईना. शेवटचा अर्धा मैल चालत गेलो. दोन्हीकडे तोडणीला आलेला ऊस, पुढे नदीकडे उतरणारी काळी जमीन. त्या उतारावर पाण्याची मोटार ठेवायचं पत्र्याचं खोपट, आणि खोपटाला आमच्या गाडीचं दार. राखाडी रंग, मध्ये ट्रॉलीने पाडलेला खड्डा. तारेने एका बाजूला बांधलेलं.

आम्ही जवळ गेलो तशी दाराची काच आवाज करत हळूहळू खाली आली आणि आतून एका बाईचा चेहरा दिसला. तोंडात मशेरी होती.

"कोन पायजे, पावणं?"

आत बसून ती हँडल फिरवत होती. बाबालालनी हात जोडले आणि दाराचं सगळं पहिल्यापासून सांगितलं. मी तिला काच पुन्हा वर घ्यायला सांगितली आणि तिच्यावरचा चिखल ओढणीने पुसला. कोपऱ्यात बारीक अक्षरांत गाडीचा नंबर कोरलेला होता. मोबाइलमधल्या कागदाशी मी तो एकेक आकडा जुळवून पाहिला. शेवटचा आकडा जुळला तेव्हा बाबालालनी डोळे मिटून घेतले.

"तुमचंच हाय, त्ये कळलं," शेवंताक्का म्हणाली. "पन मी पैसं मोजून घेतलंय. आन ह्ये नेलासा तर मोटार कोन राखनार? गेल्या सालाला एक चोरीला गेलीया माझी."

"दुसरं दार आणून देतो."

"कवा?"

"उद्या."

"आन आज रातच्याला चोर काय उद्या येतो म्हनून परत जानार?"

बाबालालनी एकदा खोपटाकडे बघितलं, एकदा उन्हाकडे, आणि आल्या वाटेने निघाले. मला वाटलं, यांनी नाद सोडला. तासाभराने ते परत आले तेव्हा डोक्यावर अण्णांकडचा जाड पत्रा होता आणि हातात पेटी.

मग तो सगळा दुपारचा प्रहर ठोकण्याच्या आवाजात गेला. त्यांनी खोपटाचं माप घेतलं, पत्रा कापला, कडा दुमडल्या, बिजागऱ्या बसवल्या. मी दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत होते. ते काम भरभर उरकतील असं मला वाटलं होतं, पण एक कड जरा उंच राहिली म्हणून त्यांनी ती उलगडून पुन्हा दुमडली.

"चालंल की तेवढं," शेवंताक्का म्हणाली.

"तुमाला चालंल. मला न्हाय."

ती माझ्या शेजारी बांधावर येऊन बसली. "कोन गेलं?" तिने विचारलं. मी काही सांगितलं नव्हतं.

"भाऊ."

"थोरला?"

"हो."

"आई-बाप?"

"ते आधीच."

"म्हंजे म्हायेर गेलं की गं तुझं," ती म्हणाली. तिने चिमटीभर माती उचलून बोटांनी चुरगाळली आणि उठून बाबालालना म्हणाली, "कडी आतल्या अंगाला बी लावा."

वाकडं दार आम्ही दोघांनी उचलून टेम्पोपर्यंत नेलं. ऊन उतरलं होतं. जयसिंगपूर सोडताना मालकांचा फोन आला. दार सापडलं, असं मी सांगितलं.

"चांगलं झालं. तरी ती ओळ लिहाच. दार मिळालं म्हणून परवानगी मिळाली असं होत नाही. दुरुस्ती कुणी करायला सांगितली, हे सर्व्हेअर विचारणार. कुणाच्या तरी अंगावर ते येणार, ताई. तुमच्या की त्याच्या, एवढंच ठरवा."

"काय म्हंत्यात?" बाबालालनी विचारलं.

"दार मिळालं ते बरं झालं म्हणाले."

ते हसले. दोन दिवसांत पहिल्यांदा. मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

गुरुवार, पुन्हा कळंबा

अकरा वाजले, बारा वाजले. हमीदाभाभी दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आल्या. साडेबाराला सर्व्हेअर मोटरसायकलवरून आले. हेल्मेट काढल्यावर कळलं, वयस्कर आणि थकलेले होते. बॅग न उघडताच ते गाडीकडे गेले आणि एका दारावर बोटांनी टकटक करून म्हणाले, "हे बदललंय ना?"

"न्हाय साहेब," बाबालाल म्हणाले. "पलीकडचं."

सर्व्हेअरनी पलीकडे जाऊन दार पाहिलं, नखाने कड तपासली, चष्मा वर करून पुन्हा पाहिली. मग जुनं दार आडवं ठेवून त्यांनी फोटो काढले, काचेवरचा नंबर टिपला, खड्ड्यात अडकलेली उसाच्या पाचटाची एक काडी चिमट्याने उपसून कागदावर ठेवली. "ट्रॉली," ते स्वतःशीच म्हणाले. "दार तुमचंच. नुकसान खरं. आता जबाब."

त्यांनी एक छापील कागद माझ्यापुढे ठेवला. दुरुस्ती कोणाच्या सूचनेवरून झाली, या प्रश्नाखाली चार रेघा होत्या.

मी हळू लिहिते. आयुष्य ग्रंथालयात गेलं, कार्डांवर एकेक अक्षर सुटं काढायची सवय हाताला आहे. पेनचं टोक पहिल्या रेघेवर टेकवून मी बराच वेळ बसले असणार, कारण सर्व्हेअर म्हणाले, "मॅडम, परीक्षा नाहीये."

मालकांची ओळ अजून डोक्यात तयार होती. 'मला न विचारता.' तीन शब्द. बाबालालनी विचारलं होतं. मी उत्तर दिलं होतं. उत्तराचा अर्थ मी पुण्याचा धरला आणि त्यांनी कोल्हापूरचा, पण शब्द माझे होते. मी लिहिलं: 'दहाव्या दिवशी मिस्त्रींनी फोनवर विचारले असता, त्यांना योग्य वाटेल तसे करण्यास मी सांगितले. त्यावरून त्यांनी दुरुस्ती केली.'

"काय लिवलं?" बाबालालनी विचारलं.

मी वाचून दाखवलं.

"आसं नगं, ताई. क्लेम जाईल तुमचा. घाई मी केली, माझं नाव घाला. साहेब, मी सही करतो."

"सहीला जागा एकच आहे," सर्व्हेअर कागदाकडे बघत म्हणाले.

"मंग माझी घ्या."

"गाडी कुणी भाड्याने घेतली?"

"मी," मी म्हटलं.

"मग तुमची." त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "याचा परिणाम माहीत आहे ना?"

मी हो म्हटलं आणि सही केली. बाबालाल आत निघून गेले. थोड्या वेळाने हातोड्याचा आवाज येऊ लागला. ठोकण्यासारखं आत काही काम नव्हतं.

संध्याकाळी मालकांना जबाब वाचून दाखवला. ते चिडले, बरंच बोलले, आणि शेवटी म्हणाले, "तुम्हीच लिहून दिलंत, आता मी तक्रार कुणावर करणार?" फोन ठेवून मी गाडी सुरू केली आणि पुण्याची वाट धरली. वाटेत उसाचे तीन ट्रॅक्टर भेटले. प्रत्येकाची दुसरी ट्रॉली जाईपर्यंत मी थांबले.

विमा कंपनीचं अंतिम पत्र यायला आणखी दीड महिना लागला. दावा नामंजूर. कारण असं दिलं होतं की तपासणीपूर्वी, गाडी भाड्याने घेणाऱ्या व्यक्तीच्या संमतीने, दुरुस्ती करण्यात आली. पत्र दोन पानांचं होतं. मी ते टेबलाशी बसून, बोट ठेवून, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत दोनदा वाचलं. बाबालाल मिस्त्रींचं नाव त्यात कुठेही नव्हतं.